गोशाळेत वर्षश्राद्धाचं अन्नदान: १२० जनावरं आणि १५० माणसं, काय आणि किती द्यावं?

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरात वडिलांचं वर्षश्राद्ध आहे. विधी घरीच होतील. हॉल घेऊन जेवणावळ घालण्याऐवजी तो खर्च खडकवासल्याच्या पुढच्या एका गोशाळेत करायचा असं घरात ठरलंय. तिथे लहानमोठी १२० जनावरं आहेत, त्यातली २० वासरं. बहुतेक गाई भाकड किंवा म्हाताऱ्या, बाकी बैल आणि गोऱ्हे.

सध्याचा बेत असा: सकाळी २०० पुरणपोळ्या, २५ किलो गूळ, ५० किलो भिजवलेले हरभरे आणि मार्केट यार्डातून एक टेम्पो पालेभाजी. दुपारी तिथल्या आवारातच १५० माणसांना जेवण: गोशाळेतले कामगार आणि त्यांची कुटुंबं, शेजारच्या वस्तीवरची मंडळी, आमचे नातेवाईक.

तर प्रश्न असे. गाईंसाठी हे प्रमाण बरोबर आहे का? एका दिवसाचा चारा आपल्याकडून द्यायचा तर किती लागतो? जेवणाचं सामान किती आणावं? आणि पावती, करसवलत वगैरेचं काय बघावं लागतं?

---

वैरणवाला

आधी चाऱ्याचं गणित घ्या, बाकीचं त्यावरून ठरवता येईल.

दूध न देणारी, ३०० ते ३५० किलोची देशी गाय दिवसाला साधारण सात-साडेसात किलो कोरडा अंश खाते. कोरडा अंश म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून उरतं ते. हिरव्या मक्यात तो पाचवा हिस्सा असतो, कडब्यात (ज्वारीच्या वाळलेल्या ताटांत) नव्वद टक्के. म्हणजे १५ किलो हिरवा (त्यातून ३) आणि ५ किलो कडबा (त्यातून साडेचार) दिला की मोठ्या जनावराचं दिवसाचं पोट भरलं. मोठे बैल यापेक्षा जास्त खातात, पण म्हाताऱ्या गाई कमी खातात, तेव्हा गोळाबेरीज जमते. वासरांना सरासरी ५ किलो हिरवा आणि दीड किलो कुट्टी (बारीक तोडलेला कडबा) धरा. तीन महिन्यांच्या आतल्या वासरांना यात धरू नका, त्यांचं पोट अजून कडब्यासाठी तयार झालेलं नसतं.

तुमच्या गोशाळेसाठी हिशेब: हिरवा १६०० किलो, कोरडा ५३० किलो. शिवाय प्रत्येक मोठ्या जनावरामागे ३० ग्रॅम मीठ आणि ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण. शंभर जनावरांचं खनिज मिश्रण दिवसाला ३ ते ५ किलो होतं. देणगीदारांपैकी जवळजवळ कुणाला हे सुचत नाही आणि गोशाळेत नेमकं तेच संपलेलं असतं.

आता सगळा हिरवा चारा तुम्हीच द्यायचा अट्टाहास करू नका. डिसेंबरात मका चांगला मिळतो. कणसं दुधाळ असतानाचा मका ८०० किलो घ्या आणि उरलेले पैसे कुट्टीला लावा. छोट्या हत्तीत एवढं वजन बसवायला बघू नका, पिकअप सांगा. वजनकाट्याची पावती मागा. चारा भरण्याआधी पाणी मारून वजन वाढवायची युक्ती जुनी आहे. गाडीखालून पाणी टपकत असेल तर समजून घ्या.

कडबा शेकड्यावर विकतात, आणि घोळ तिथेच होतो. पेंढी कुठे सव्वा किलोची असते, कुठे अडीच किलोची. गंजीतल्या दहा पेंढ्या काढून वजन करा आणि मगच भावाची तुलना करा. पेंढी उसवून आत हात घाला. आत दमट, काळपट लागलं किंवा कुबट वास आला तर तो कडबा पावसात भिजलेला आहे. बुरशीचा कडबा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

शक्यतो कुट्टी करूनच द्या. अख्खा कडबा टाकला की गाई पाला आणि शेंडे खातात, बुडखे पायाखाली तुडवतात, चौथा हिस्सा तरी वाया जातो. कुट्टी बोटाच्या पेराएवढी असावी. दात झिजलेल्या म्हाताऱ्या गाईंना तीही चावत नाही, त्यांची आणखी बारीक करून थोडं पाणी शिंपडून भुश्यात कालवतात. अशी किती जनावरं आहेत ते आधी विचारून घ्या.

---

रवंथ

वरचं गणित बरोबर आहे. पोळ्या, गूळ आणि हरभरे यांबद्दल मात्र स्पष्टच लिहितो.

२०० पोळ्या १२० जनावरांत नीट वाटल्या तर काहीही होत नाही. २५ किलो गूळसुद्धा कागदावर प्रत्येकी २०० ग्रॅम. पण गोशाळा कागदावर खात नाही. मोकळ्या गोठ्यात टोपलं घेऊन माणूस उभा राहिला की कळपातल्या चार दांडग्या गाई पुढे घुसतात. त्या दहा-दहा पोळ्या, वर दोन-तीन किलो हरभरे आणि गुळाच्या अख्ख्या ढेपेचा तुकडा खाऊन मोकळ्या होतात. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गाईला नुसता वास मिळतो.

मग काय बिघडतं? गाईच्या पहिल्या पोटात, म्हणजे ओटीपोटात, चारा आंबवणारे जंतू असतात. वैरण सावकाश आंबते. चावताना आणि रवंथ करताना दिवसभरात बादल्याच्या बादल्या लाळ पोटात जाते आणि तिच्यातला नैसर्गिक सोडा आंबटपणा मारत राहतो. पोटाचा सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६ ते ७ मध्ये राहतो. पीठ, भात, गूळ, खीर यांना चावायचंही काम नसतं आणि रवंथाचंही. लाळ कमी, साखर भरपूर. आम्ल तयार करणारे जंतू माजतात, सामू साडेपाचाखाली येतो, चारा पचवणारे जंतू मरायला लागतात. पाचाच्याही खाली गेला तर आम्ल रक्तात उतरतं आणि जनावर बसतं ते उठत नाही. धान्याची सवय नसलेल्या गाईला दोन-चार किलो पीठ-पोळ्या एकदम मिळाल्या तरी आजारी पडायला पुरतात.

हे सगळं बारा ते छत्तीस तासांनी दिसायला लागतं. तोवर देणारा समाधानाने घरी पोचलेला असतो. त्रास निस्तरतो रात्रपाळीचा गडी. म्हणून ‘आम्ही दरवर्षी देतो, कधी काही झालं नाही’ या वाक्याला अर्थ नाही.

लक्षणं अशी: गाय रवंथ थांबवते, वैरणीला तोंड लावत नाही, दात खाते. डावी भकाळी (बरगड्यांमागची खोलगट जागा) भरून येते. शेण पातळ, आंबूस वासाचं आणि त्यात न पचलेले दाणे. डोळे खोल जातात. अशा वेळी तेलाच्या बाटल्या तोंडात रिकाम्या करू नयेत. मान वर ओढून जबरदस्तीने पाजलं की ते ठसका लागून फुफ्फुसात जातं, आणि मूळ दुखणं राहतं बाजूला. डॉक्टरला फोन करावा. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर रंगवलेला असावा.

दुसरी अडचण तारखेची. अमावास्या, एकादशी, संक्रांत, वसुबारस, पितृपक्ष, या दिवशी एकाच गोशाळेत सकाळपासून पाच-सहा कुटुंबं येतात. प्रत्येकाचं ‘थोडंसंच’ असतं. त्या दिवशी अजून कुणी नोंद केली आहे का, हे वही बघून ठरवा.

---

सदाशिवपेठी

रवंथ, तुमचं शास्त्र मान्य. पण श्राद्धाच्या दिवशी गोग्रास हा विधीचा भाग आहे. काकबळी काढतो तसाच गाईचा वाटा पानावर वेगळा काढतात. तिथे ‘कडबा देतो’ म्हणून भागत नाही. घरातल्या स्वयंपाकातलं अन्न गाईच्या मुखी जायला हवं. उद्या म्हणाल पोळ्याला बैलांना पुरणपोळी देऊ नका.

---

रवंथ

गोग्रास म्हणजे ग्रास, म्हणजे घास. तो एका गाईला एक द्यायचा असतो, शब्दातच प्रमाण सांगितलंय. पोळ्याच्या बैलालाही घरधनी एक-दोन पोळ्या हातावर भरवतो, पाटी पुढ्यात ओतत नाही. आणि तो बैल वर्षभर कामाचा, पेंड-भरड्याची सवय असलेला असतो. भाकड गाय निव्वळ वैरणीवर असते.

पटणारी पद्धत सांगतो. विधीच्या पानावरचा वाटा एका बांधलेल्या, धडधाकट गाईला यजमानाने स्वतःच्या हाताने द्यावा. बाकी गाईंनाही काही गोड द्यायचंच असेल तर गाई दावणीला बांधलेल्या असताना, आधी अर्ध्या पोटी वैरण झाल्यावर, प्रत्येकीला गव्हाणीत एक चतकोर पोळी आणि सुपारीएवढा गुळाचा खडा. म्हणजे १०० जनावरांना २५ पोळ्या आणि दोन-अडीच किलो गूळ. ढेप आधी फोडून न्या. गव्हाणीत कुट्टीवर ठेवलं की ते वैरणीबरोबर जातं, रिकाम्या पोटी पडत नाही. आजारी, गाभण आणि नुकत्या व्यालेल्या गाईंना वगळा. हरभऱ्याचं नाव काढू नका.

---

सदाशिवपेठी

चतकोर चालेल. पुरण पातळ करून गव्हाणीत ओततात ते मलाही पटत नाही, माशा बसतात.

---

कर्वेनगरकर

पोळ्या २५ वर आणल्या, हरभरे रद्द. आता भाजीचं सांगा. यार्डात संध्याकाळी उरलेला कोबी, फ्लॉवरचा पाला, मेथी, पालक स्वस्तात मिळेल असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणतो सध्या कारखाने चालू आहेत, उसाचे वाढे (हिरवे शेंडे) घ्या, मक्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. हडपसरकडून कुणी कडवळ (चाऱ्याची हिरवी ज्वारी) द्यायलाही तयार आहे.

---

वैरणवाला

तिन्ही वेगवेगळी प्रकरणं आहेत.

भाजी: यार्डातली उरलेली भाजी म्हणजे निम्मी भाजी, निम्मी सुतळी. मेथी-पालकाच्या जुड्यांना प्लॅस्टिकची पट्टी किंवा रबर असतो, फ्लॉवरबरोबर पिशव्या येतात. गाय जिभेने ओढून घेते आणि फारसं न चावता गिळते, ओठांनी निवडत नाही. पिशवी एकदा ओटीपोटात गेली की पुढे सरकत नाही, वर्षानुवर्षं साठत राहते. शेवटी पोट फाडून काढावी लागते. तार किंवा खिळा गेला तर तो पुढच्या जाळीदार पोटात बसतो आणि तिथून हृदय हातभरही लांब नसतं. देवळातलं निर्माल्य गोशाळेला देणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं, हारातली तार दिसत नाही.

तेव्हा भाजी द्यायचीच तर प्रत्येक जुडी सोडून, झटकून, ताडपत्रीवर पसरून. टेम्पोभर भाजीला चार माणसांचे दोन तास धरा. एवढे हात नसतील तर भाजी नको. कोबी-फ्लॉवर एकदम पोटभर दिला तर पोट फुगतं. कांदा ढिगाने दिला तर रक्त कमी होऊन लघवी लाल होते. हिरवे पडलेले किंवा कोंब आलेले बटाटे नकोत. अख्खा बटाटा, बीट, आंब्याची कोय घशात अडकते, गाय मान ताणून लाळ गाळत उभी राहते. गाजर लांब चिरून चालतं, मटाराची टरफलं ताजी असतील तर छान. शिळा पाव आणि बेकरीचा माल अजिबात नको. बुरशी वरून दिसायच्या आधीच आत धरलेली असते.

वाढे: वाईट नाहीत, पण पोटभर तेच ते देऊ नयेत. त्यात ऑक्झॅलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली जनावरं हाडांनी खंगतात. एक दिवस, एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, कुट्टी करून आणि चुन्याची निवळी शिंपडून दिले तर हरकत नाही. खनिज मिश्रण हवंच. पण गोशाळेत आधीच वाढ्यांचा ढीग असेल, आणि गळिताच्या हंगामात तो असतोच, तर तुम्ही मकाच न्या.

कडवळ: इथे सावध. ज्वारी फुलोऱ्यात येण्याआधीची, गुडघ्याएवढी, पाण्याचा ताण बसलेली असेल, किंवा कापणीनंतर खोडव्याला फुटलेले कोवळे फुटवे असतील, तर किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. अशा ज्वारीतून तयार होणारं विष अर्ध्या तासातही जनावर पाडतं. धाप लागते, झटके येतात, डॉक्टर पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. कडवळ देणाऱ्याला विचारा, ‘निसवलंय का?’ कणीस बाहेर पडून फुलोरा झालेला असेल तरच घ्या. त्याने उत्तर टाळलं तर नका घेऊ.

आणि तिन्हींना लागू पडणारी गोष्ट: गोशाळेत सध्या जे चालू आहे तेच न्या. पोटातले जंतू नव्या चाऱ्याला सरावायला आठ-दहा दिवस घेतात. कडब्यावरच्या गाईंपुढे दव पडलेला दोन टन लसूणघास ओतला तर दुपारपर्यंत ओळीने पोटं फुगतात. लसूणघास असेल तर सकाळी कापून चार-सहा तास सुकवून, कुट्टीत मिसळून.

---

पातेलंभर

गाईंचं झालं, आता माणसांचं. १५० पानं, श्राद्धाचा दिवस म्हणजे कांदा-लसूण नाही असं धरतो. गोशाळेच्या आवारात स्वयंपाक करताना पाणी, माशा आणि अंतर या तीन गोष्टींवर बेत ठरवावा. पंचपक्वान्नं नकोत. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, साधं वरण, शिरा, मठ्ठा एवढं पुरे.

सामान: तांदूळ १२ किलो, मसालेभातात तोंडली ४ किलो. पुऱ्यांना कणीक ११ किलो, किलोला पासष्ट-सत्तर पुऱ्या होतात, म्हणजे माणशी साडेचार-पाच पडतात. बटाटे १५ किलो. तूरडाळ ४ किलो, त्यात बावीस-चोवीस लिटर वरण होतं. शिऱ्याला रवा ४ किलो, साखर साडेतीन, तूप अडीच ते तीन, पाणी-दूध मिळून बारा लिटर. मठ्ठ्याला दही १२ किलो. तेल एकूण ९ ते १० किलो धरा, त्यातलं पाच कढईत घालूनच पुऱ्या सुरू होतात. प्यायचं पाणी २०० लिटर, ते बाहेरून आणा. गोठ्याच्या टाकीचं पाणी माणसांना नको.

चुकतं कुठे? मसालेभातात. लोक बाराच्या बारा किलो तांदूळ एकाच पातेल्यात घालतात. खालून करपतो, वर कणी राहते, मध्ये लगदा. दोन पातेली करा, प्रत्येकी ६ किलोची. तांदूळ अर्धा तास आधी धुऊन निथळत ठेवा. फोडणीवर तोंडली, मग तांदूळ चांगला परता, दाणा हाताला गरम आणि सुटा लागला पाहिजे. पाणी तांदळाच्या दुप्पट आणि उकळतं. गार पाणी ओतलं की पातेल्याचा ताव जातो आणि पुढचं सगळं बिघडतं. मीठ एका पातेल्याला दीडशे ग्रॅम घालून आधणाची चव बघा, ते किंचित खारट लागायला हवं. पाणी आटत आलं की आच कमी, वर परात, परातीवर निखारे किंवा उकळत्या पाण्याचं भांडं. उलथनं घालून ढवळू नका, कडेने मोकळा करा.

भाड्याची पितळी पातेली आणली तर आतली कल्हई बघा. तळाशी पिवळं दिसत असेल तर त्यात मठ्ठा, आमसूल किंवा टोमॅटोचं काही ठेवायचं नाही, कळकतं. मठ्ठा स्टीलच्या पिंपातच.

भात शिजल्यापासून दोन-अडीच तासांत पंगत उठली पाहिजे. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात आणि नंतर कितीही गरम केला तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. म्हणून सकाळी सातला भात लावून एकला वाढणं हा मूर्खपणा. साडेअकराला लावा. डिसेंबरातही हेच.

जागा गोठ्याच्या वाऱ्याच्या दिशेला नको, निदान पन्नास पावलं लांब. वाढणाऱ्यांनी आधी गाईंना हात लावला असेल तर साबणाने कोपरापर्यंत धुवायचं. नळ आणि साबण पंगतीच्या तोंडाशी ठेवा, लांब ठेवला तर कुणी जात नाही.

ताटं स्टीलची भाड्याने घ्या. चंदेरी मुलाम्याच्या पत्रावळी आणि द्रोण गाईंच्या आवारात आणूच नका. मीठ-तेलाच्या वासावर गाय ती अख्खी गिळते. वाऱ्याने एक द्रोण उडून कुंपणाच्या आत गेला तरी पुरे. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं हा तसाच ताप. खरकट्याला झाकणाचं पिंप ठेवा आणि एक माणूस त्याच्यापाशी उभा करा, कारण पंगत उठली की कुणीतरी काका ‘वाया कशाला घालवता, गाईंना घाला’ म्हणत पिंप उचलतातच. मसालेभात, तळणीचं तेल, मठ्ठा हे सगळं एकत्र आंबलेलं असतं. वर रवंथ यांनी लिहिलेलं आठवा.

एक बोच आहे, लिहून टाकतो. अशा जेवणांत गोशाळेतले गडी दिवसभर टोपल्या उचलतात, फोटोसाठी गाय धरून उभे राहतात आणि शेवटच्या पंगतीला उरलंसुरलं खातात. पहिली पंगत त्यांची आणि त्यांच्या बायकापोरांची करा. त्यांच्या गोठ्याच्या वेळा विचारून बसवा. जमलं तर प्रत्येक कुटुंबाला कोरडा शिधा द्या: तांदूळ ५ किलो, कणीक ५, तूरडाळ २, तेल १ लिटर, साखर १, चहापत्ती पाव किलो. एका दिवसाच्या जेवणापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

---

हिशेबनीस

पैशाचं थोडक्यात.

संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदलेली आहे का ते बघा, नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असतो. करसवलत, म्हणजे ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती, फक्त पैशाच्या देणगीला मिळते. चारा, धान्य, पोळ्या अशी वस्तू दिली तर तिच्या किमतीवर नाही. रोख २००० रुपयांच्या वर दिलेत तर तीही नाही. तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर मुळातच नाही. म्हणून चारा व्यापाऱ्याला स्वतः पैसे देण्याऐवजी गोशाळेच्या खात्यात ‘चाऱ्यासाठी’ असं लिहून जमा करा आणि खरेदी त्यांना करू द्या. पावतीवर तुमचा पॅन घातला आहे ना ते बघा, नंतरचं देणगी प्रमाणपत्र त्यावरच निघतं.

राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं. त्याच सुमारास गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दर दिवशी दर गाईमागे ५० रुपये अनुदान ठरलं. ते गोसेवा आयोगाकडे नोंद असलेल्या गोशाळांनाच मिळतं. जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ला हवा. गोशाळेला विचारा, अनुदान मिळतंय का, शेवटचं कधी आलं. प्रश्न खोचक नाही. चांगला व्यवस्थापक लगेच वही काढतो, कारण ५० रुपयांत गाईचा चारासुद्धा जेमतेम बसतो, मजुरी आणि औषधपाणी वेगळं.

आणि पैसे देण्याआधी एकदा दुपारी, न कळवता जाऊन या. पाण्याच्या हौदाला शेवाळ आहे का, गाई कोरड्या जागी बसतात की चिखलात, दुपारी निवांत रवंथ करताना दिसतात का, कडब्याची गंजी झाकलेली आहे का. पंधरा मिनिटांत सगळं कळतं. हौद बघाच: एका गाईला थंडीतसुद्धा चाळीसेक लिटर पाणी लागतं, १२० जनावरांना साडेचार हजार लिटरच्या आसपास. टँकरचे पैसे द्यायला देणगीदार मिळत नाही, कारण टँकरबरोबर फोटो चांगला येत नाही.

---

कर्वेनगरकर

सगळ्यांचे आभार. सुधारलेला बेत टाकतो, चूक असेल तर सांगा.

सकाळी ७ ला मका ८०० किलो, कुट्टी ५५० किलो, खनिज मिश्रणाची २५ किलोची गोणी. ९ वाजता गाई दावणीला असताना चतकोर पोळी आणि गूळ. साडेअकराला भात लावायचा, साडेबाराला गडी आणि त्यांच्या घरच्यांची पहिली पंगत, दीडला बाकीचे. भाजी, वाढे, कडवळ काही नाही. हॉलचे वाचलेले पैसे आहेत त्यातून वर्षभराचा कडबा एकदम भरून द्यावा का?

---

वैरणवाला

मका ७ ला पोचवायचा तर आदल्या दिवशी संध्याकाळी कापलेला, पसरून ठेवलेला घ्या. ढीग घालून रात्रभर ठेवलेला मका आतून तापतो. हात घालून बघा, गरम लागला तर तो परत पाठवा.

कडबा आत्ता भरू नका. डिसेंबर म्हणजे गेल्या वर्षीच्या मालाचा शेवट, भाव चढलेला आणि माल उरलासुरला. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. तेव्हा दौंड, इंदापूर, करमाळ्याकडचा मालदांडी ज्वारीचा कडबा नवा, पानासकट आणि वर्षातल्या सगळ्यात कमी भावात मिळतो. पैसे आत्ता गोशाळेत जमा करा, पावतीवर ‘फेब्रुवारी कडबा खरेदी’ लिहून घ्या आणि खरेदीच्या दिवशी वजन करायला स्वतः जा. वर्षभराचा मात्र तुमच्या एकट्याच्या आवाक्यातला नाही. रोज ५३० किलो म्हणजे महिन्याला सोळा टन. एक ट्रक भरून द्या, तो मे महिन्यात उपयोगी पडेल, हिरवं संपतं तेव्हा.

गंजी रचायला दगडमातीचा ओटा आहे का तेही बघून घ्या. जमिनीवर रचलेल्या गंजीचे खालचे दोन थर पहिल्या पावसात जातात. ओटा नसेल तर ट्रकमधले थोडे पैसे काढून आधी तोच बांधा.

---

रवंथ

नऊच्या चतकोर पोळीआधी वैरण अर्धी तरी खाऊन झालेली असू द्या, घड्याळाकडे बघू नका, गव्हाणीकडे बघा. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस झाली आहे का ते गोशाळेला विचारा. नातेवाइकांपैकी कुणाच्या घरी जनावरं असतील तर त्यांनी त्या दिवशी गोठ्यात शिरू नये, चपलांबरोबर रोग येतो-जातो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोशाळेत एक फोन करा: सगळ्या गाई रवंथ करतायत का, एवढंच विचारा.